बी-आगांचा शांत प्लाझ्मा

कामशात आमच्या विभागात आली ती लोकांच्या लेखी आधी बी-आगांची सून होती, भौतिकशास्त्रज्ञ नंतर. नेमणूक तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, तोम्स्क विद्यापीठाची पदवी गाठीला होती. पण पहिल्या दिवशी सगळ्यांनी माना वळवून पाहिलं ते सुनेला. सासरा विभागप्रमुख आणि सून त्याच्या हाताखाली, असं आमच्या संस्थेत पूर्वी कधी झालं नव्हतं.

बी-आगांचं खरं नाव ओराझाली तोलेगेनोविच. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, म्हणून लग्न होऊन आल्यावर तिने त्यांना आपलं एक नाव ठेवलं, कझाक घरांतल्या सुना ठेवतात तसं. बी म्हणजे जुन्या काळी तंटे सोडवणारा मानकरी, आणि आगा म्हणजे वडीलधारा. ती कामाला आली तसं ते नावही तिच्यामागून यंत्राच्या हॉलमध्ये शिरलं आणि वर्षभरात आम्ही सगळेच त्यांना बी-आगा म्हणायला लागलो. मी ल्युदमिला त्सोय, लोक लूदा म्हणतात, कामशात लूदा आपाय, म्हणजे ताई; जातीची कोरियन, मला कुणाचं नाव घ्यायला बंदी नव्हती. पण माझ्याही तोंडात तेच बसलं.

मी हॉलला लागून असलेल्या नियंत्रण खोलीत, काचेपलीकडे यंत्र दिसेल अशा टेबलावर बसते. आमचं यंत्र म्हणजे माणूस आत रांगू शकेल एवढं पोकळ पोलादी कडं. आतली हवा उपसून काढायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि विजेचा झटका देऊन तो सूर्यासारखा तापवायचा. इतका तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, भिंतीला टेकला की स्वतः विझतो आणि भिंतही खराब करतो. म्हणून भोवतालच्या चुंबकांनी त्याला मधल्या मध्ये तोलून धरायचं. पापणी लवते न लवते तोच खेळ संपतो. मग पुन्हा वीज साठवणारे कपॅसिटर भरायचे, पुन्हा इशाऱ्याचा भोंगा आणि त्यामागोमाग पुन्हा झटका.

प्लाझ्मा मध्यभागी त्यातल्या त्यात शहाण्यासारखा वागतो. खोडी सगळी काठावर. तिथे तो उकळत्या दुधासारखा खदखदतो, भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांवाटे सगळी ऊब भिंतीकडे पळते. हा काठ शांत करण्यामागे आमच्या धंद्यातल्या लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. बी-आगांनीही घालवलं होतं. आणि त्या हिवाळ्यात त्यांना तो शांत झालेला दिसला.

त्यांनी कड्याच्या आतल्या भिंतीला लिथियमचा पातळ थर दिला होता. थर दिल्यानंतर झटका मारला की काठावरचा लाल प्रकाश एकदम खाली बसायचा आणि वायूची घनता वर चढायची. म्हणजे ऊब आत राहत होती. बी-आगांनी लेख छापला. लोक अभिनंदनाला आले, रबीगांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घरी घोड्याच्या मांसाचं मोठं जेवण घातलं. मंत्रालयापर्यंत गोष्ट गेली, आणि वसंतात एक आयोग प्रत्यक्ष पाहायला येणार असं ठरलं. आयोगाला पटलं तर नवं, मोठं यंत्र. नाही पटलं तर हॉलला कुलूप लागणार, हे कुणी बोलत नव्हतं, पण माहीत प्रत्येकाला होतं.

कामशातचं काम मोजण्याचं. काठावर किती प्लाझ्मा आहे हे पाहायला एक सळई आत सरकवतात, तिला प्रोब म्हणतात. तिच्या टोकाला व्होल्टेज दिलं की ते प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन ओढून घेतं. किती आले त्यावरून हिशेब. आधीच्या प्रोबची बारीक टोकं सारखी वितळायची, म्हणून तिने ग्राफाइटचं जाड टोक बसवून घेतलं आणि ते बोटभर अधिक आत सरकवलं. योगायोग असा की हे टोक आणि लिथियमचा थर एकाच आठवड्यात बसले.

मार्चमध्ये ते टोक घासून स्वच्छ करायला बाहेर काढलं. त्या दिवशी काठ पुन्हा खदखदायला लागला. बी-आगा म्हणाले, प्रोब काढताना आत हवा शिरली असेल, भिंत मळली. आम्हाला ते पटलं. प्रोब परत बसला तरी सकाळभर खदखद तशीच. आणि दुपारी प्रोबची तार डाख देऊन जोडली, व्होल्टेज सुरू केलं, तशी पहिल्याच झटक्याला शांतता. कामशात माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नजर पडद्यावर होती, लक्ष नव्हतं.

उपाहारगृहात ती माझ्यासमोर ताट घेऊन बसली आणि बराच वेळ लगमानच्या शेवया नुसत्या काट्याने ढवळत राहिली. मग म्हणाली, "लूदा आपाय, ताप मोजायला थर्मामीटर लावावा आणि थर्मामीटरनेच ताप उतरावा, असं झालं तर?"

"तर डॉक्टर फुकटचा नावाजला जाईल," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग कुठल्या डॉक्टरबद्दल चाललंय ते माझ्या ध्यानात आलं.

तिने मग सगळं सांगितलं. ते जाड टोक आता नुसतं मोजत नव्हतं. ते इतके इलेक्ट्रॉन ओढत होतं की काठावर विजेचं क्षेत्रच बदलत होतं. काठाचा प्लाझ्मा त्यामुळे कड्याभोवती फिरायला लागतो. एक थर जोरात, शेजारचा सावकाश. त्या दोघांच्या मध्ये सापडलेला भोवरा फाटून जातो. लिथियमचा यात काडीचा संबंध नसेल. व्होल्टेज देऊन काठाला असं फिरवता येतं हे जगात नवं नव्हतंच. नवं एवढंच की आम्ही ते नकळत करत होतो आणि श्रेय भिंतीला देत होतो.

"खात्री आहे?" मी विचारलं.

"खात्री करायला एक दिवस हवा. व्होल्टेज चालू, बंद, चालू, बंद. पण बी-आगांच्या परवानगीशिवाय कसं करू?"

परवानगी तिने आधी घरी मागून पाहिली; ती सासू-सासऱ्यांकडेच राहायची. संध्याकाळी सगळे दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणाच्या चादरीभोवती, बसलेले, ती नेहमीसारखी चहाच्या समोवाराजवळ, एकेकाच्या पियाल्यात चहा ओतणारी. नवरा येर्झिगित अक्ताऊला तेलाच्या कामावर, महिनाभर तिकडे आणि महिनाभर घरी, तो त्या वेळी तिकडेच. तिने विषय काढताच बी-आगांनी पियाला पालथा ठेवला, म्हणजे आता चहा नको, आणि कामाचं कामावर म्हणून उठून गेले. रबीगांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि ती उरलेला चहा ओतत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या खोलीत गेली. दार बंद होतं, पण भिंती पातळ आहेत. बी-आगा ओरडले नाहीत. ते म्हणाले, तू म्हणतेस ते होऊ शकतं. न होऊही शकतं. आयोग येऊन जाऊ दे, मग तुला हवे तेवढे दिवस घे. आज तू हे काढलंस तर हॉल बंद होईल. त्सोय कुठे जाईल, बाकीचे कुठे जातील, तू तरी कुठे जाशील? जावांच्या भांडणात वडीलधारे बोलतात तसा समजुतीचा सूर होता. ती म्हणाली, "आयोगाला आपण खोटं दाखवू, बी-आगा." ते म्हणाले, "जे दिसतं तेच दाखवू." ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. माझ्याशी ती आठवडाभर कामापुरतंच बोलली.

आयोग आला त्या सकाळी जर्दाळू फुललेले होते आणि वरच्या डोंगरावर अजून बर्फ होता. मंत्रालयाचे मादियेव प्रमुख होते. गंभीर माणूस, कोट न काढताच बसले. पण आम्ही सगळे धास्तावलो होतो ते त्यांच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या बाईला. तमारा ग्लेबोव्ना, रशियातल्या नोवोसिबिर्स्कची. हातात काठी, डोक्याला लोकरीची टोपी. काठाच्या प्लाझ्माबद्दल जे काही रशियन भाषेत लिहिलं गेलंय त्यातलं निम्मं तिच्या डोळ्यांखालून गेलेलं, असं लोक म्हणायचे.

पहिला झटका मी दिला. भोंगा, कपॅसिटरचा दणका, जमिनीतून आलेला धक्का. पडद्यावर घनतेची रेघ चढली, लाल प्रकाशाची रेघ खाली बसली. देखणा झटका. बी-आगा लिथियमबद्दल सांगत होते आणि मादियेव मान हलवत होते.

तमारा ग्लेबोव्नाने दर वेळी असंच होतं का असं विचारलं. दर वेळी, बी-आगा म्हणाले. मग आणखी एक दाखवा, ती म्हणाली.

मी कपॅसिटर भरायला लावले. ते भरताना बारीक गुणगुण येते, ती चढत जाते. सवयीने मी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात प्रोबच्या वीजपुरवठ्याचं कपाट आहे, कामशात त्याच्यापाशी उभी होती. तिचा हात बटणावर होता. मीटरचा काटा हळूहळू खाली आला आणि शून्यावर टेकला. तिने माझ्याकडे पाहिलं. प्रोब तयार नाही असं म्हणून झटका थांबवणं माझ्या हातात होतं. गुणगुण पूर्ण चढली होती. मी भोंगा दिला.

लाल रेघ खाली बसली नाही. वर-खाली, वर-खाली, करवतीच्या दात्यांसारखी शेवटपर्यंत थरथरत राहिली.

मग बी-आगांचा आवाज आला, नेहमीसारखा सरळ. "भिंतीवरून थोडी घाण सुटली. जुनं यंत्र आहे, कधीमधी होतं असं." ते पडद्याकडे बघत होते. कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

तिसऱ्या झटक्याला काटा परत वर होता, आणि काठ शांत. बी-आगांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. चौथ्याला काटा शून्यावर, आणि पुन्हा ती करवत. तमारा ग्लेबोव्ना आता पडद्याकडे बघत नव्हती. ती खोली न्याहाळत होती. एकेक माणूस, एकेक कपाट, आणि शेवटी तिची नजर कामशातच्या हातावर येऊन थांबली.

"पुन्हा घाण?" मादियेव म्हणाले.

बी-आगांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. त्यांचं वय मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "कामशात, आत्ता व्होल्टेज किती होतं?"

"शून्य."

"आणि त्याआधी?"

"दोनशे. त्याच्या आधी शून्य. पहिल्याला दोनशे."

ते आयोगाकडे वळले. "मघाशी मी घाण म्हणालो ते खोटं होतं. या मुलीने मला आधीच सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं. आणि तिने सांगायच्याही आधी मला कळलं होतं. टोक घासायला बाहेर काढलं त्याच दिवशी. कळलं, आणि मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं."

मादियेव काही बोलणार तोच तमारा ग्लेबोव्नाने काठी जमिनीवर टेकवली आणि बी-आगांना विचारलं, आता काय करायचं म्हणता? त्यांनी उत्तर दिलं, आता मोजायचं. आणि आयोगासमोर, लिथियमचे रंगीत तक्ते भिंतीवर लटकत असताना, त्यांनी स्वतः प्रयोग चालवायला घेतला. शून्यापासून सुरुवात, दर झटक्याला थोडं थोडं वर. ते आकडा सांगायचे, कामशात बटण फिरवायची, मी भोंगा द्यायची. खालच्या आकड्यांवर काहीच फरक पडला नाही, करवत तशीच. मादियेवांचं दोनदा घड्याळाकडे बघून झालं. दीडशेच्या जवळपास मात्र, एका झटक्याच्या मध्येच, रेघ धाडकन खाली आली, उतू जाणाऱ्या पातेल्याखालची आच कुणी एकदम काढून घ्यावी तशी. तमारा ग्लेबोव्ना खुर्चीतून अर्धी उठली.

कामशातच्या गालांवर लाली चढली होती. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं तिच्या हातात उतरलं होतं. दोनशे झाले, दोनशेचाळीस झाले. काठ आणखी शांत. बी-आगा म्हणाले, पुरे. टोकाच्या मागचं सिरॅमिक एवढं सोसणारं नाही.

"आणखी एकदा, बी-आगा," ती म्हणाली आणि त्यांच्या होकाराची वाट न बघता तिने बटण फिरवलं. मी हे बघत होते आणि भोंगा मीच दिला.

कड्याच्या काचेतून निळा-पांढरा लोळ दिसला. प्रोबमधला प्रवाह मापाबाहेर गेला, प्लाझ्मा मध्येच मेला, आणि लगेच निर्वातमापकाचा आकडा चढायला लागला. सिरॅमिक तडकलं होतं. बाहेरची हवा आत शिरत होती. हवा उपसणाऱ्या पंपाकडची झडप आपोआप बंद व्हायला हवी होती. ती अर्ध्यावर अडकली. पंपाची पाती भयंकर वेगाने फिरत असतात; त्यांच्यावर हवेचा लोंढा आला तर पंपाचे तुकडे होतात, आणि तुकडे कुठे जातील ते सांगता येत नाही.

बी-आगा हॉलच्या दाराकडे धावले होते, कामशात त्यांच्या मागे. दारावर लाल दिवा होता. कपॅसिटरमध्ये अजून माणूस जागच्या जागी जाळेल एवढी वीज शिल्लक होती.

"हिरवा होईपर्यंत दार उघडायचं नाही," मी म्हणाले. त्यांच्यावर मी आवाज चढवला ती तीच पहिली वेळ. मी वीज जमिनीत उतरवायची कळ ओढली आणि दिव्याकडे बघत राहिले. आकडा चढत होता. पंपाचा सूर बदलला. गुरगुर, मग घासल्यासारखा आवाज. ते दोघं दाराला चिकटून उभे, सासरा आणि सून, एकाच कडीवर दोघांचे हात, कडी न सरकवता. माझ्या आयुष्यात कुठलाच दिवा हिरवा व्हायला एवढा वेळ लागला नव्हता.

दिवा हिरवा झाला. ते आत घुसले. झडपेचं चाक हाताने फिरवायचं होतं आणि ते गंजलं होतं. काचेतून मला दिसत होतं: बी-आगांनी जोर लावला, हललं नाही, मग तिने समोरून धरलं, आणि दोघांनी मिळून, पाय जमिनीला रोवून, ते थोडं थोडं फिरवलं. पंपाची घासघास हळूहळू उतरली. ते बाहेर आले तेव्हा कामशातच्या तळहाताची साल निघाली होती. ती त्यांना म्हणाली, "माझं चुकलं." बी-आगांनी तिचा हात उलटा करून पाहिला आणि लूदा, आयोडीन दे, एवढंच म्हणाले.

वाचनालयात आयोगासाठी जेवण मांडलेलं होतं. सगळे जेवले, कुणी भाषण केलं नाही. निघताना तमारा ग्लेबोव्ना कामशातशी दाराजवळ बराच वेळ बोलली, बी-आगांशी त्याहून थोडा वेळ. मादियेवांनी फक्त हात मिळवले.

उन्हाळ्यात निर्णय आला. नवं यंत्र मिळालं नाही. हॉललाही कुलूप लागलं नाही: जुन्या यंत्रावर काम चालू ठेवा, पण लिथियमचं नव्हे, व्होल्टेज दिलेल्या टोकाचं. दोन माणसं कमी करावी लागली, त्यातला एक माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तो कामशातचा निरोप न घेता गेला, आणि त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. बी-आगांनी आपला छापलेला लेख स्वतः मागे घेतला आणि विभागप्रमुखपद सोडलं. संस्थेतल्या लोकांत दोन तट पडले. काही म्हणायचे सुनेने सासऱ्याला चव्हाट्यावर आणलं, काही म्हणायचे त्याची अब्रू वाचवली. ती दोन्ही तटांशी सारखीच तुटक वागायची.

घरात रबीगांनी एकच गोष्ट केली. कामशात चहा ओतायला बसली की त्या तिच्या हातचा पियाला घेत नसत. उठून स्वतःचा स्वतः ओतून घ्यायच्या. एक शब्द वावगा नाही. रोज संध्याकाळी फक्त तेवढंच. येर्झिगित अक्ताऊहून आला, एक महिना त्याने हे पाहिलं आणि शहराच्या खालच्या बाजूला भाड्याने घर शोधलं.

सामान हलवायच्या दिवशी मी गाजराची कोशिंबीर घेऊन गेले होते. लिफ्ट बंद होती आणि फ्रीज वर चढवायचा होता. येर्झिगितने खालची बाजू धरली होती, वरची बी-आगांनी. मी आणि कामशात पुठ्ठ्याची खोकी घेऊन मागे. मधल्या वळणावर बी-आगांनी हात दाखवून थांबवलं, फ्रीज कठड्याला टेकवला आणि धाप लागलेल्या आवाजात विचारलं, "नव्या टोकाला सिरॅमिक कुठलं घेतेयस?"

"बोरॉन नायट्राइडचं म्हणतेय. जुनं चालणार नाही."

"ते बरं. उस्त-कामेनोगोर्स्कला माझा एक वर्गमित्र ते घडवतो. सांगू त्याला?"

"सांगा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, फ्रीजखाली हात घातला आणि मुलाला उचल म्हणाले. रबीगा त्या दिवशी आल्या नाहीत. त्यांनी बी-आगांबरोबर बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पाठवले होते, फडक्यात बांधून, अजून गरम.